मागच्या बाकावर पालक बसले तर

कॅथलिक शाळेत नव्याने रुजू झालेल्या शिक्षकाच्या वेळापत्रकात आठवड्यातून एक तास असा असतो, ज्याबद्दल मुलाखतीत कोणी काही विचारलेले नसते. कुठे त्याला ‘मूल्यशिक्षण’ म्हणतात, कुठे ‘मॉरल सायन्स’, कुठे ‘कॅटेकिझम’. बोरगाव मेघे, सावंगी मेघे, सिंदी मेघे या वर्ध्याला खेटून वाढलेल्या वस्त्यांतली मुले ज्या वर्गांत बसतात, तिथे हिंदू आणि बौद्ध घरांतली मुले बहुसंख्य, काही मुस्लिम, एखाद-दुसरे जैन, आणि कॅथलिक मुले मोजकीच. शाळा मात्र कॅथलिक. फाटकापाशी मारियेची मूर्ती, कार्यालयात क्रूस, आणि तुमच्या हातात नववी ब. हा लेख त्या तासासाठी आहे. तुम्ही स्वतः कॅथलिक असा किंवा नसा.

हा तास दोन प्रकारे बिघडतो. एक म्हणजे शिक्षक प्रवचन देऊ लागतो. दुसरा म्हणजे, तक्रार नको म्हणून, तो धर्माचे नावच काढत नाही. खरे बोला, वडीलधाऱ्यांना मान द्या, कचरा कुंडीत टाका एवढ्यावर वर्ष काढतो. पहिल्याने पालक चिडतात, दुसऱ्याने मुले पेंगतात. माझ्या मते आपल्याकडे दुसरा प्रकार जास्त, आणि पेंगणाऱ्या मुलांची तक्रार कोणी करत नसल्यामुळे तो वर्षानुवर्षे खपतो. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला मरणाबद्दल, अन्यायाबद्दल, देव आहे की नाही याबद्दल प्रश्न पडलेले असतात. त्याला नखे कापण्याचा धडा देणे हा त्याचा अपमान आहे.

तासाची तयारी करताना एक कसोटी लावून पाहा. मागच्या बाकावर दोन पालक बसले आहेत: एक बोरगावातले बौद्ध वडील, एक कॅथलिक आई. पस्तीस मिनिटांत दोघांपैकी कोणालाही उठून जावेसे वाटता कामा नये. वडिलांना वाटू नये की पोराला ओढले जाते आहे, आणि आईला वाटू नये की आपला येशू म्हणजे चांगल्या सवयींची जाहिरात करून ठेवली आहे. हे जमते. पण त्याआधी दोन कामे वेगळी करावी लागतात.

पहिले काम म्हणजे कॅथलिक मुलांची श्रद्धा वाढवणे: प्रार्थना, संस्कार, मिस्सा, पापनिवेदन. दुसरे म्हणजे वर्गातल्या प्रत्येकाला धर्म समजेल असे शिकवणे: ख्रिस्ती काय मानतात, का मानतात, त्यातून त्यांनी काय उभे केले, कुठे चुकले. व्हॅटिकनच्या शिक्षणविभागाने १९८८ साली कॅथलिक शाळांवर काढलेल्या दस्तऐवजात हा फरक स्पष्ट केला आहे आणि २००९ च्या परिपत्रकात पुन्हा सांगितला आहे. शाळेतला धर्माचा विषय ज्ञान देतो. श्रद्धेत मुरवण्याचे काम मुख्यतः घराचे आणि चर्चचे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ख्रिस्ती शिक्षणावरचे घोषणापत्र आणि ख्रिस्तेतर धर्मांशी असलेल्या नात्यावरचे घोषणापत्र एकाच दिवशी, २८ ऑक्टोबर १९६५ रोजी, जाहीर केले. पहिले कपाटात ठेवून दुसरे विसरायचे, किंवा उलट, अशी सोय कॅथलिक शाळेला नाही.

भारतातल्या बहुतेक कॅथलिक शाळा एकाच तासाला वर्गाचे दोन भाग करतात. कॅथलिक मुले सिस्टरांबरोबर वेगळ्या खोलीत, उरलेली मूल्यशिक्षणाला. व्यवस्था म्हणून हे योग्यच. पण मग बाकीच्या चाळीस मुलांना दहा वर्षे कॅथलिक शाळेत काढूनही नाताळ आणि ईस्टर यांतला फरक सांगता येत नाही, आणि कॅथलिक मुलांना वाटत राहते की आपला धर्म हा बाजूच्या खोलीत दार लावून बोलायचा विषय आहे. म्हणून महिन्यातून किमान एक तास तरी सगळ्यांनी एकत्र बसावे असे मला वाटते. या लेखातले बरेचसे त्या एकत्र तासाबद्दल आहे.

सहीचा कागद

कायद्याचा भाग थोडक्यात, पण तो चुकवून चालणार नाही. राज्यघटनेच्या कलम ३० ने अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला आहे. कलम २८(३) सांगते की सरकारमान्य किंवा अनुदानित संस्थेत कोणालाही धार्मिक शिक्षणाला वा उपासनेला हजर राहण्याची सक्ती करता येणार नाही. मूल अज्ञान असेल तर पालकाची संमती हवी. धर्मांविषयी शिकवणे ही मात्र वेगळी गोष्ट. २००२ साली अरुणा रॉय प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्याला घटनेची आडकाठी नसल्याचे म्हटले. मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये नाशिकच्या एका शिक्षकाच्या प्रकरणात निकाल दिला की शाळेच्या प्रार्थनेच्या वेळी हात न जोडणे ही बेशिस्त ठरत नाही. शिक्षकाला जे लागू तेच परिपाठाच्या रांगेत गप्प उभ्या असलेल्या मुलाला लागू समजा आणि त्याच्याकडे डोळे वटारून पाहू नका.

चर्चचेही म्हणणे वेगळे नाही. भारतीय कॅथलिक बिशपांच्या परिषदेने एप्रिल २०२४ मध्ये देशभरच्या शाळांना सूचना पाठवल्या: इतर धर्मांच्या मुलांवर ख्रिस्ती परंपरा लादू नका, सकाळी संविधानाची उद्देशिका म्हणून घ्या, आवारात सर्वधर्मीयांसाठी प्रार्थनेची खोली ठेवा. शाळेने हे केले नसेल तर मुख्याध्यापिका सिस्टरांपाशी विषय काढायला हरकत नाही.

विदर्भात शाळा उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. संमतीचा कागद पहिल्याच आठवड्यात घरी जाऊ द्या, आणि प्रवेशअर्जासोबत मुळीच जोडू नका. प्रवेशाच्या खिडकीपाशी उभा असलेला बाप कशावरही सही करतो. ती संमती नव्हे. कागद एका पानाचा, मराठी आणि हिंदी दोन्हींत. कोणत्या तासाला काय शिकवणार, कोणते पुस्तक वापरणार, प्रार्थना होणार की नाही, नाही म्हटल्याने गुणांवर वा प्रवेशावर काही परिणाम होणार नाही, आणि दिलेली संमती कधीही मागे घेता येईल, एवढे त्यात असावे. ज्यांनी नाही म्हटले त्यांच्या मुलांना व्हरांड्यात उभे करायचे नाही किंवा ग्रंथालयात झाडझूड लावायची नाही. त्यांच्यासाठी त्या तासाचे खरेखुरे काम ठरवून ठेवा.

वर्गात ‘ख्रिश्चन कोण कोण, हात वर करा’ असे कधीही विचारू नका. कार्यालयात नोंद असते, तिथून घ्या. आपल्याकडे धर्म विचारला की पुढचा प्रश्न जातीचा असतो, आणि तो मुलांना तुमच्याआधी ऐकू येतो.

पायाखालची जमीन

बहुतेक शाळांत या तासासाठी जी पुस्तके मिळतात ती दिल्ली, मुंबई किंवा बंगळूरला छापलेली. त्यांतल्या गोष्टीत एक जॉन असतो, तो बागेत जातो आणि त्याला पाकीट सापडते. नववी ब ला या जॉनचे काहीही पडलेले नसते. वर्धा जिल्ह्यात राहून असली पुस्तके वापरणे म्हणजे दारातली विहीर सोडून टँकरची वाट पाहण्यासारखे आहे. धर्म आणि शिक्षण यांचा एकत्र विचार या देशात जिथे सर्वांत गंभीरपणे झाला, ते ठिकाण तुमच्या शाळेपासून सायकलच्या अंतरावर आहे.

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यात शिक्षण परिषद भरली. तिच्यातून झाकीर हुसेन समिती आली आणि नई तालीम म्हणजे ‘वर्धा योजना’ आकाराला आली. त्या योजनेत धर्मशिक्षण मुद्दाम ठेवलेले नव्हते. पुढल्या वर्षी ‘हरिजन’मध्ये गांधीजींनी कारण दिले: आज धर्म ज्या रीतीने शिकवले आणि पाळले जातात त्यातून ऐक्यापेक्षा भांडणच वाढते अशी भीती वाटते, मात्र सर्व धर्मांना समान असलेली सत्ये सगळ्या मुलांना शिकवता येतात आणि शिकवावीत. धर्म शिकवायला निघालेल्या प्रत्येक शिक्षकाने हा आक्षेप आपल्यावरच घेतला आहे असे समजून वाचावा. त्याला माझे उत्तर असे की समान सत्ये तेवढी वेचली की धर्मांचे चेहरे पुसले जातात, आणि शेजाऱ्याचा चेहरा न ओळखताच आपण त्याचा आदर करू लागतो. पण भांडणाची भीती खरी आहे, ती नजरेआड करू नका. मजा अशी की ही योजना सेवाग्रामला प्रत्यक्षात राबवणाऱ्या हिंदुस्तानी तालीमी संघाचे चिटणीस आर्यनायकम हे श्रीलंकेच्या जाफना भागातून आलेले ख्रिस्ती होते. दहावीच्या वर्गात हा पेच तसाच मांडा आणि मुलांना दोन बाजू घेऊन बोलू द्या. तास कमी पडतो.

गांधीजींच्याच आत्मकथेतून शिक्षकासाठी दोन धडे निघतात. राजकोटला शाळेच्या जवळ कोपऱ्यावर उभे राहून मिशनरी हिंदू देवदेवतांची निंदा करत; त्यामुळे लहानपणी त्यांना ख्रिस्ती धर्माची अढी बसली. पुढे लंडनमध्ये बायबल हाती आले तेव्हा जुना करार वाचता वाचता झोप यायची, पण नव्या करारातले डोंगरावरील प्रवचन थेट काळजाला भिडले आणि त्यांना गीतेची आठवण झाली. पहिला धडा सांगायला नको. दुसरा असा की मिश्र वर्गात बायबल पहिल्या पानापासून सुरू करू नका. मत्तयच्या शुभवर्तमानाचे पाच ते सात हे अध्याय घ्या, आणि तेही एका तासात चार-पाच ओळींपेक्षा जास्त नकोत.

आता दोन तास कसे घेता येतील ते सविस्तर सांगतो.

लूक, अध्याय सतरा. दहा कुष्ठरोगी दूर उभे राहून हाका मारतात. येशू त्यांना सांगतो, जा, याजकांना दाखवा. वाटेत ते बरे होतात, आणि आभार मानायला एकटाच परत येतो. तो असतो शोमरोनी, म्हणजे यहुद्यांनी तुच्छ मानलेल्या लोकांपैकी. गोष्ट दोन मिनिटांत सांगून होते. मग विचारा: ते दूर का उभे होते? याजकाला कशाला दाखवायचे? त्या काळच्या नियमशास्त्राप्रमाणे बरे झाल्याचा निर्वाळा याजकाने दिल्याशिवाय माणूस गावात परतू शकत नव्हता. एखादे मूल हमखास कोरोनाच्या निगेटिव्ह रिपोर्टची आठवण काढते. काढू द्या, तिथून वर्ग जागा होतो. त्यानंतर दत्तपूर. वर्ध्यालगतच्या या ठिकाणी मनोहर दिवाण यांनी विनोबांच्या प्रेरणेने १९३६ साली कुष्ठरोग्यांची सेवा सुरू केली. परचुरे शास्त्री या संस्कृत पंडितांना हा रोग झाला तेव्हा ते सेवाग्रामला आले आणि त्यांच्या जखमा गांधीजींनी स्वतःच्या हातांनी धुतल्या. याच जिल्ह्यातल्या हिंगणघाटला १९१४ साली जन्मलेल्या बाबा आमटेंनी पुढे वरोऱ्याजवळ आनंदवन उभारले. मुलांना यातले आनंदवन माहीत असते. दत्तपूर, जे हाकेवर आहे, ते क्वचित.

इथे एक मोह टाळा. दिवाण, गांधी, आमटे ही ‘नकळत ख्रिस्ती’ माणसे होती असे सूचित करू नका. त्यांनी जे केले ते आपापल्या वाटेने केले. तुम्ही वर्गापुढे दोन गोष्टी शेजारी ठेवता आहात, एकीचा टिळा दुसरीला लावत नाही आहात. मागच्या बाकावरचे वडील नेमके इथे कान टवकारून बसलेले असतात.

दुसरा तास लूकच्या दहाव्या अध्यायावर, चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यावर. ही गोष्ट इतकी वापरली गेली आहे की तिची धार गेली आहे. ‘अडलेल्याला मदत करा’ एवढेच हाती उरते. धार परत आणायची तर मुलांना सांगा की गोष्ट सांगणारा यहुदी, ऐकणारे यहुदी, आणि त्यातला भला माणूस मात्र ऐकणाऱ्यांना ज्याचा विटाळ वाटायचा तो. मग जुलै १९२८ मध्ये वर्ध्याला या. जमनालाल बजाज यांनी आपल्या घराण्याचे लक्ष्मीनारायण मंदिर दलितांसाठी खुले केले. मंदिर आजही आहे, मुलांनी बाहेरून तरी पाहिलेले असते. काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० चा. तो इतिहासाच्या पुस्तकात भेटतो, त्याच्याशी सांगड घाला. शेवटी वहीत एकच प्रश्न: तुमच्या गल्लीत ही गोष्ट सांगायची झाली तर शोमरोन्याच्या जागी कोणाला घ्याल? उत्तर मोठ्याने वाचून घेऊ नका. मोठ्याने विचारलेत तर कोणीतरी जातीचे नाव घेईल आणि त्या जातीचे मूल तिसऱ्या बाकावर बसलेले असेल. वह्या तुम्ही एकट्याने वाचा आणि परत द्या.

सहलीसाठी सेवाग्राम ठरलेले आहेच, पण तिथे मुले झाडाखाली डबा खाऊन परततात. जाण्याआधी लुई फिशर या अमेरिकी पत्रकाराची हकिकत सांगा. १९४२ च्या जूनमध्ये तो आठवडाभर आश्रमात राहिला, आणि गांधीजींच्या कुटीच्या मातीच्या भिंतीवर त्याला एकच चित्र दिसले, येशूचे. आश्रमाच्या सर्वधर्म प्रार्थनेतले इंग्रज धर्मगुरू न्यूमनचे गीतही शोधायला लावा. ‘लीड काइंडली लाइट’ हे ते गीत, गुजरातीत ‘प्रेमळ ज्योति’. न्यूमनने ते १८३३ मध्ये समुद्रप्रवासात लिहिले. तेव्हा तो अँग्लिकन होता, १८४५ मध्ये कॅथलिक झाला, आणि २०१९ मध्ये त्याला संतपद मिळाले. म्हणजे वर्ध्याच्या मातीत म्हटले जाणारे गीत एका कॅथलिक संताचे आहे, आणि हे आपल्या कॅथलिक मुलांनाही सहसा कोणी सांगत नाही. मगनवाडीला गेलात तर जे. सी. कुमारप्पांबद्दल बोला. तंजावरचा हा ख्रिस्ती अर्थशास्त्रज्ञ कोलंबिया विद्यापीठात शिकून आला आणि ग्रामोद्योग संघाचे काम करत वर्ध्यात राहिला. तुरुंगात असताना त्याने येशूच्या शिकवणीवर पुस्तक लिहिले, जे १९४५ साली निघाले. पवनारला विनोबांचे ‘ख्रिस्तधर्म सार’ मागा, शाळेच्या ग्रंथालयासाठी घ्या. एका हिंदू ऋषितुल्य माणसाने बायबलमधून काय निवडले, काय सोडले, यावर अकरावी-बारावीच्या मुलांचे दोन तास सहज जातात.

मुले विचारतात ते

मिश्र वर्गात बोलताना ‘आपण मानतो’ असे म्हणू नका, ‘ख्रिस्ती लोक मानतात’ म्हणा. कॅथलिक मुलांच्या खोलीत मात्र बेधडक ‘आपण’. एवढी एक शिस्त पाळली की निम्म्या तक्रारी उगवतच नाहीत.

‘टीचर, येशू खरंच मेल्यावर उठला का?’ मिश्र वर्गात उत्तर असे: त्याचे शिष्य घाबरून पळाले होते आणि थोड्याच दिवसांत तेच लोक जिवावर उदार होऊन सांगत सुटले की आम्ही त्याला जिवंत पाहिले. ख्रिस्ती ते खरे मानतात, त्यावरच त्यांची श्रद्धा उभी आहे. इतरांनी इतर खुलासे दिले आहेत. मग ‘तुम्ही मानता का?’ असे आले तर एका वाक्यात खरे सांगा, हो किंवा नाही, आणि पुढे चला. लपवाछपवी मुलांना लगेच कळते, लांबलेले साक्षीचे भाषणही कळते.

विदर्भातल्या वर्गात दुसरा एक प्रश्न येणारच, आणि त्याची तयारी कोणत्याही छापील शिक्षकपुस्तिकेत नसते: बाबासाहेबांनी ख्रिस्ती धर्म का नाही घेतला? १४ ऑक्टोबर १९५६ ची दीक्षाभूमी इथून दोन तासांच्या आत आहे आणि तुमच्या वर्गातल्या कित्येकांचे आजोबा-पणजोबा तिथे उभे होते. या प्रश्नाला बगल दिलीत तर वर्षभर तुमच्या कोणत्याच उत्तरावर विश्वास बसणार नाही. बाबासाहेबांनी भारतीय ख्रिस्ती समाजावर लिहिले आहे. धर्म बदलला तरी जात सुटत नाही, आणि बांधवांवरच्या अन्यायाविरुद्ध हा समाज उभा राहत नाही, ही त्यांची टीका होती. ती सांगा. डिसेंबर २०१६ मध्ये कॅथलिक बिशप परिषदेने दलित सबलीकरणाचे धोरण जाहीर करताना चर्चमध्ये अस्पृश्यता आणि भेदभाव असल्याची कबुली दिली, हेही सांगा. आणि १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला, १९५६ मध्ये त्यात शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले, दलित ख्रिस्ती आणि मुस्लिम बाहेरच राहिले, हेही. वर्गातल्या एखाद्या कॅथलिक मुलाच्या घरात हा जगण्याचा प्रश्न असतो, याची कल्पना बाकीच्यांना नसते.

बौद्ध मुलांच्या बाबतीत आणखी एक. आपण ‘सर्वधर्म’ म्हणून जी प्रार्थना घेतो तिच्यात ‘हे देवा’, ‘हे प्रभो’ असतेच, आणि घरी त्रिशरण-पंचशील म्हणणाऱ्या मुलाला ते आपले वाटत नाही. तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना असो की शाळेचे इंग्रजी भजन, अडचण तीच. परिपाठात आठवड्यातून एकदा दोन मिनिटे नुसते शांत बसणे ठेवा. राज्याच्या परिपाठातल्या दहा मूल्यांत ‘सर्वधर्मसहिष्णुता’ आहेच, त्यामुळे तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यालाही त्यात वावगे दिसणार नाही.

आणि सर्वांत नाजूक प्रश्न, जो वर्गात नाही, तास संपल्यावर दारापाशी येतो: ‘सिस्टर, मला ख्रिश्चन व्हायचंय.’ शिक्षकाने इथे आनंदून जाऊ नये, झिडकारूही नये. कशामुळे वाटले ते विचारा. बहुतेक वेळा घरातले भांडण, वडिलांचे पिणे, एखादी मैत्रीण, असे काही निघते आणि मुलाला त्या बाबतीत मदत हवी असते. स्पष्ट सांगा की शाळा असे काही करत नाही आणि करणार नाही. बोलणे त्याच दिवशी मुख्याध्यापकांच्या कानावर घाला. क्रूस, जपमाळ, संतांचे चित्र हातात देऊन त्याला घरी पाठवू नका. नाताळच्या नाटिकेत मारिया झालेल्या मुलीचा वेदीपुढचा फोटो पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकण्याआधीही घरच्यांना विचारा. असा एक फोटो निस्तरण्यात किती दिवस जातात ते मुख्याध्यापकांना विचारून बघा.

बाजूच्या खोलीत

कॅथलिक मुलांच्या तासाला संख्या लहान आणि गुंतागुंत मोठी. वर्धा, चंद्रपूर, गडचिरोली हे जिल्हे सीरो-मलबार परंपरेच्या चांदा धर्मप्रांतात येतात. त्याची सुरुवात १९६२ ची, पूर्ण धर्मप्रांत १९७७ मध्ये. पण तुमच्या दहा-बारा मुलांत केरळी घरांतली सीरो-मलबार मुले, लॅटिन परंपरेतली तमिळ वा मराठी मुले आणि कधी शेजारच्या राज्यांतून आलेल्या आदिवासी कुटुंबांतली मुले एकत्र असू शकतात. सीरो-मलबार मुलाला दृढीकरण बहुधा बाळपणीच, स्नानसंस्काराबरोबर मिळालेले असते. लॅटिन मुलाचे अजून व्हायचे असते. एकाचा उपवासकाळ सोमवारी सुरू होतो, दुसऱ्याचा राखेच्या बुधवारी. सगळ्यांना एकाच तयारीला बसवण्याआधी घरी फोन करा आणि चर्चच्या फादरांशी बोला. ही भिन्नता अडचण म्हणून मिटवू नका. मुलांनाच एकमेकांना समजावू द्या. केरळची मुलगी कुर्बानाबद्दल, म्हणजे तिच्याकडच्या मिस्सेबद्दल, सांगते आणि तमिळ मुलगा वेलंकनीबद्दल, तेव्हा शिक्षकाला फार काही करावे लागत नाही.

या मुलांना आणखी एक हवे असते, ते म्हणजे मराठी. घरी मलयाळम किंवा हिंदी, शाळेत इंग्रजी, आणि वर्गातला मित्र सहज म्हणून जातो की तुमचा धर्म इंग्रजांचा. त्याला उत्तर देता यावे म्हणून थॉमस स्टीफन्स माहीत हवा. हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात उतरला आणि १६१६ मध्ये त्याचे ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ राचोलला छापले गेले. तोवर ईस्ट इंडिया कंपनीचे राज्य कोणाच्या स्वप्नातही नव्हते. नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक प्रॉटेस्टंट होते, तरी ‘स्मृतिचित्रे’मधले निवडक उतारे या मुलांना वाचून दाखवा, नवऱ्याच्या धर्मांतराने घर कसे हादरते याचे इतके खरे आणि विनोदी चित्र दुसरे नाही. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. त्यांच्या ‘सुबोध बायबल’ची एक प्रत या खोलीत कायम असू द्या. इंग्रजी बायबलमध्ये अडखळणारे मूल त्यात मोकळे होते.

गुण आणि वेळापत्रक

या विषयाला बोर्डाची परीक्षा नाही. काही शाळा तरीही पन्नास गुणांचा पेपर काढतात आणि त्यात आज्ञा पाठ करून लिहायला लावतात. माझे मत त्याच्या विरुद्ध आहे. वही पुरे: वर्षभरात सात-आठ नोंदी, गुण नाहीत, शेरा मात्र प्रत्येक नोंदीवर आणि तो ‘छान’ यापेक्षा लांब. बायबल प्रश्नमंजूषा घ्यायची तर कॅथलिक मुलांसाठी घ्या; मिश्र वर्गात तिला रोख बक्षीस ठेवू नका, उगाच कोणाला वेगळा अर्थ काढायला जागा राहते.

वेळापत्रकाबद्दल भाबडे राहू नका. जुलै ते दिवाळी हाच खरा काळ. २ ऑक्टोबरच्या आठवड्यात सेवाग्राम, धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आधी बाबासाहेबांचा तास, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आगमनकाळ, म्हणजे नाताळ नुसता केक आणि टोपी राहणार नाही. जानेवारी उजाडला की दहावीचा हा तास गणिताकडे जातो, मग भांडून उपयोग नसतो. ३० जानेवारीचा एक तास तेवढा राखून ठेवा. गांधीजींची पुण्यतिथी असते आणि १९६० साली कुमारप्पा गेले तेही त्याच तारखेला. गणिताच्या सरांना आठवडाभर आधी सांगा, आणि बदल्यात तुमचा फेब्रुवारीतला एक तास देऊन टाका.